आधी आवक थांबवा, मग साठा उपसा: इनबॉक्स आवरण्याची कृती

एका संस्थेकडे मी अर्ज केला होता. त्यात एक कागद कमी पडला होता आणि तो सात दिवसांत पाठवा, असा मेल त्यांनी मला वेळेत केला. मला तो दिसला नवव्या दिवशी. स्पॅममध्ये गेलेला नव्हता, इनबॉक्समध्येच होता. सवलतींच्या जाहिराती, ‘तुमच्यासाठी निवडलेले लेख’ आणि कधी काळी नाव नोंदवलेल्या साइट्सच्या साप्ताहिक पत्रांच्या मधोमध. त्या दिवशी पहिल्यांदा मी न वाचलेल्या मेलांचा आकडा नीट पाहिला. तो ११ हजारांच्या वर होता.

मग बहुतेक जण करतात तेच मीही केलं. सुट्टीच्या दिवशी बसून हजारभर मेल डिलीट केले. पंधरवड्यात इनबॉक्स पुन्हा तसाच भरला. चूक कुठे होत होती हे कळायला मला आणखी दोन सुट्ट्या घालवाव्या लागल्या. मी साठा उपसत होतो आणि आवक जशीच्या तशी चालू होती.

कचेरीत टपालाची आवक-जावक नोंदवही असते. आलेलं पत्र आधी तिथे चढतं, मग ज्याच्या त्याच्या टेबलावर जातं. ईमेलला असा आवक कारकून नसतो. ज्याच्याकडे तुमचा पत्ता आहे, तो थेट तुमच्या टेबलावर कागद ठेवून जातो. म्हणून या कामात क्रमाला फार महत्त्व आहे: आधी कोण कोण कागद ठेवतंय ते पाहायचं, त्यातल्या नको असलेल्यांना थांबवायचं, हव्या असलेल्यांसाठी वेगळा कप्पा करायचा आणि मगच जुन्या ढिगाला हात लावायचा.

इनबॉक्स शून्यावर आणा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकी लेखक मर्लिन मान यांनी २००६च्या सुमारास ‘इनबॉक्स झीरो’ ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनाही शून्य मेल अभिप्रेत नव्हते. आपलं किती लक्ष त्या इनबॉक्समध्ये अडकून पडतं, हा त्यांचा मुद्दा होता. मला तर एवढंच हवं होतं की, उत्तर मागणारा मेल त्याच दिवशी माझ्या नजरेला पडावा.

बसण्याआधी

हे काम संगणकावर करा. फोनवर मेल वाचणं सोपं असलं, तरी जीमेलच्या फोनमधल्या ॲपमध्ये फिल्टर (आलेला मेल आपोआप ठरलेल्या जागी नेणारा नियम) तयार करता येत नाही, आणि फिल्टरशिवाय ही सगळी मेहनत महिनाभरही टिकत नाही. पहिल्या बैठकीला दोन तास लागतील. पुढचं काम आठवडाभर रोज दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

दोन सावधगिऱ्या. पत्ता कार्यालयाचा असेल, तर काहीही कायमचं पुसण्याआधी तिथले नियम विचारून घ्या. मेल किती वर्षं जपायचे, याची अनेक ठिकाणी ठरलेली मुदत असते. दुसरी गोष्ट, एकच पत्ता फोन, टॅबलेट आणि संगणक अशा तिन्ही ठिकाणी जोडलेला असेल, तर एका जागी पुसलेला मेल बहुधा तिन्हीकडून जातो. सगळा साठा सर्व्हरवर असतो आणि उपकरणं त्याचं फक्त प्रतिबिंब दाखवतात. जुन्या मेलांची प्रत जवळ हवी असेल, तर जीमेलच्या बाबतीत ‘गूगल टेकआउट’ या सोयीने ती आधीच उतरवून ठेवा.

पहिली पायरी: पाठवणाऱ्यांची यादी

मेलच्या शोधपेटीत ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा. जवळजवळ प्रत्येक न्यूजलेटरच्या आणि जाहिरातीच्या तळाशी हा शब्द असतो. त्यामुळे एका शोधात घाऊक मेल पाठवणारे बहुतेक सगळे समोर येतात. फक्त गेल्या महिन्याचे निकाल पाहा आणि पाठवणाऱ्यांची नावं कागदावर उतरवा. मेल उघडू नका, काही पुसू नका. माझ्या यादीत ९३ नावं निघाली आणि त्यातली निम्मी तरी वाचताना ‘हे कोण?’ असा प्रश्न पडला.

हे काम आता मेलसेवाही बऱ्यापैकी करून देतात. जीमेलने २०२५ मध्ये डावीकडच्या मेन्यूत सबस्क्रिप्शन्सची वेगळी यादी आणली. त्यात सर्वांत जास्त मेल पाठवणारा सर्वांत वर असतो. आउटलुकच्या वेब आवृत्तीत अशी यादी सेटिंग्जमधल्या मेल विभागात सापडते. याहू मेलमध्येही ती आहे. तरीही कागदावरची यादी मला उपयोगी वाटते, कारण या यंत्राने बनवलेल्या याद्यांतून काही नावं निसटतात, आणि पुढच्या पायरीला खुणा करायला कागद लागतोच.

प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: ठेवायचं, बंद करायचं, किंवा खात्याशी बांधलेलं. शेवटच्या प्रकारात बँक, वीजबिल, विमा, तिकिटं, तुम्ही वापरत असलेल्या सेवांच्या सूचना वगैरे येतात. त्यांच्याकडे आपण वेगळ्या वाटेने जाणार आहोत.

ठेवायचं की बंद करायचं, यावर खूप वेळ जातो. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ हा निकष लावला, तर एकही नाव कटणार नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: गेल्या महिन्यात याचा एक तरी अंक मी शेवटपर्यंत वाचला का? नसेल, तर बंद. लिहिणारा कितीही चांगला असो. आपण न वाचता साठवलेलं पत्र त्यालाही काही देत नाही. मन बदललं तर पुन्हा नाव नोंदवायला अर्धं मिनिट पुरतं, हे लक्षात ठेवलं की हात थरथरत नाही.

दुसरी पायरी: नाव काढून घेणं

दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून पहिला ईमेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठवला. पुढे सातच वर्षांत, ३ मे १९७८ला, गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. न मागितलेल्या घाऊक मेलची ही पहिली नोंद मानतात. मात्र ‘मला यातून वगळा’ असं पाठवणाऱ्याच्या यंत्रणेला सांगण्याची प्रमाणित सोय यायला १९९८ उजाडावं लागलं. तेव्हापासून घाऊक मेलच्या न दिसणाऱ्या मथळ्यात ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ नावाची एक ओळ असू शकते, आणि तुमची मेलसेवा ती वाचू शकते. २०१७ मध्ये त्यात सुधारणा होऊन एका क्लिकमध्ये नाव काढण्याची पद्धत ठरली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना नवे नियम लागू केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये ही एका क्लिकची सोय द्यावी लागते आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की, नाव काढायला दोन दारं असतात आणि त्यांतलं वरचं दार चांगलं आहे. मेल उघडला की पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी किंवा मेलच्या माथ्यावर अनसबस्क्राइबचं बटण दिसतं. जीमेल, आउटलुक, याहू, ॲपलचं मेल, सगळीकडे ते आहे. बहुतेक वेळा ते त्या न दिसणाऱ्या ओळीवर चालतं, म्हणून तुम्हाला कुठल्या साइटवर जावं लागत नाही. खालचं दार म्हणजे मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली लिंक. ती तुम्हाला पाठवणाऱ्याच्या पानावर नेते, आणि तिथे थोडं सावध राहावं लागतं. वरचं बटण नसेल तेव्हाच खालच्या लिंककडे वळा.

त्या पानावर काय काय आढळतं ते सांगतो. कधी दहा-बारा चौकटी असतात आणि प्रत्येकीत वेगळ्या यादीवर खूण. त्या एकेक करून काढत बसू नका, ‘सर्व याद्यांमधून काढा’ असा पर्याय बहुधा सर्वांत खाली असतो. कधी ‘रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा’ असा मधला मार्ग दिलेला असतो. तो मी दोनच न्यूजलेटर्ससाठी स्वीकारला आणि दोन्ही आजही वाचतो. कधी मोठं रंगीत बटण ‘मला राहायचं आहे’ म्हणतं आणि खरं बटण त्याच्याखाली फिकट अक्षरांत असतं, म्हणून दाबण्याआधी वाचा. नाव काढण्यासाठी पासवर्ड मागितला, तर तिथेच थांबा आणि पान बंद करा. त्याहून जास्त माहिती मागितली, तरीही तेच करा.

नाव काढलं की यादीत तारीख लिहा. अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार व्यावसायिक मेल पाठवणाऱ्याला अशी विनंती अमलात आणायला कामकाजाचे १० दिवस मिळतात. म्हणजे पुढचे दोन आठवडे एखाद-दुसरा अंक येत राहिला, तर लगेच चिडायचं कारण नाही. त्यानंतरही येत असेल, तर त्या पत्त्यावर फिल्टर लावून मेल थेट कचऱ्यात पाठवा, किंवा पाठवणाऱ्याला ब्लॉक करा. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्याचे मेल स्पॅममध्ये जातात.

आता तीन गोष्टी, ज्यांत लोकांची हमखास गफलत होते.

पैसे भरून घेतलेलं न्यूजलेटर असेल, तर अनसबस्क्राइब केल्याने फक्त मेल थांबतो, वर्गणी थांबतेच असं नाही. आधी त्या साइटवर जाऊन वर्गणीचं नूतनीकरण रद्द करा, रद्द झाल्याचा मेल जपून ठेवा, आणि मगच नाव काढा. उलट क्रमाने केलंत, तर पुढच्या कपातीची सूचनाही कदाचित तुमच्यापर्यंत येणार नाही.

अनसबस्क्राइब केल्याने खातं बंद होत नाही. कधीतरी एकच वस्तू मागवण्यासाठी उघडलेल्या दुकानाच्या खात्यात तुमचं नाव, फोन, पत्ता तसाच राहतो. ते दुकान पुन्हा वापरायचं नसेल, तर खातं मिटवणं हाच खरा बंदोबस्त. यादी करताना सापडलेली अनोळखी नावं यासाठी फार मोलाची असतात; आपला पत्ता कुठे कुठे सांडला आहे, याचा तो नकाशाच असतो.

आणि तिसरी गोष्ट, अनसबस्क्राइब आणि स्पॅम ही दोन वेगळी हत्यारं आहेत. तुम्ही कधी तरी नाव दिलं होतं, अशांसाठी पहिलं. ज्यांना तुम्ही ओळखतच नाही, ज्यांनी लॉटरी लागल्याचं किंवा खातं गोठवल्याचं कळवलं आहे, त्यांच्यासाठी दुसरं. अशा अनोळखी मेलच्या तळाची अनसबस्क्राइब लिंक दाबू नका. ती फसव्या पानावर नेऊ शकते, आणि काही नाही तरी हा पत्ता जिवंत आहे, इथे कोणीतरी मेल वाचतं, हे पाठवणाऱ्याला कळतं. तिथे स्पॅमचं बटण दाबून मोकळं व्हायचं.

याची दुसरी बाजू माझ्या आत्यामुळे माझ्या लक्षात आली. तिला मी स्पॅमचं बटण दाखवलं, आणि तिने ते मनापासून वापरलं. दोन महिन्यांनी तिचा फोन आला, “अरे, विम्याच्या हप्त्याची पावती येईनाच. नेहमी यायची.” पाहिलं तर विमा कंपनीच्या एका जाहिरातीवर तिने स्पॅम दाबलं होतं आणि त्याच पत्त्यावरून येणाऱ्या पावत्याही मागोमाग स्पॅममध्ये गेल्या होत्या. “मग मी काय ते येऊच द्यायचं होतं?” असं तिने विचारलं, आणि तिचा प्रश्न रास्त होता. खात्याशी बांधलेल्या पाठवणाऱ्यांसाठी वाट अशी: त्यांच्या साइटवर किंवा ॲपमध्ये लॉगिन करा, सूचनांच्या सेटिंग्जमध्ये जा, जाहिराती आणि ‘ऑफर्स’ यांवरची खूण काढा, व्यवहार आणि सुरक्षेच्या सूचना चालू ठेवा. आत्यासाठी आम्ही तेच केलं, पावत्यांवर ‘हे स्पॅम नाही’ दाबलं आणि त्या पत्त्यासाठी ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नका’ असा फिल्टर लावला.

एका क्लिकमध्ये सगळी न्यूजलेटर्स बंद करून देणाऱ्या मोफत सेवाही आहेत. त्यांना तुमचा पूर्ण इनबॉक्स वाचायची परवानगी द्यावी लागते. अशाच एका सेवेवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये कारवाई केली होती, कारण ती ग्राहकांच्या खरेदीच्या पावत्यांमधली माहिती बाजार-संशोधनासाठी पुढे देत होती आणि ग्राहकांना सांगत वेगळंच होती. हाताने काम करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेवढा वेळ वाचवण्यासाठी मी माझी सगळी पत्रं कुणाच्या हाती देणार नाही. पूर्वी अशी परवानगी दिलेली असेल, तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या ॲप्सची यादी पाहा आणि ती काढून घ्या.

तिसरी पायरी: ठेवलेल्यांसाठी वेगळा कप्पा

माझ्या ९३ नावांतली शेवटी १४ न्यूजलेटर्स उरली. ती मला खरोखर वाचायची असतात. पण सकाळी कामाचे मेल पाहताना त्यांची गर्दी नको असते, आणि रात्री निवांत वाचताना कामाचे मेल नको असतात. म्हणून दोघांच्या खोल्या वेगळ्या केल्या.

जीमेलमध्ये कृती अशी. एका न्यूजलेटरचा अंक उघडा. वरच्या तीन ठिपक्यांत ‘यासारखे मेल फिल्टर करा’ हा पर्याय आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप भरला जातो. तो एकदा तपासा. पुढच्या पानावर तीन खुणा करा: इनबॉक्स वगळा, ‘वाचन’ हे लेबल लावा, आणि कधीही स्पॅममध्ये पाठवू नका. शेवटी ‘जुळणाऱ्या जुन्या मेलांनाही लागू करा’ ही खूण केलीत, की मागचे सगळे अंकही एका झटक्यात तिकडे सरकतात. १४ न्यूजलेटर्ससाठी १४ फिल्टर करायची गरज नाही. पत्त्यांच्या रकान्यात पत्ते लिहून मध्ये ‘ऑर’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत घातला, की एकाच फिल्टरमध्ये सगळे बसतात.

आउटलुकमध्ये याला ‘रूल्स’ म्हणतात. तिथे ‘स्वीप’ नावाची आणखी एक गोड सोय आहे: एखाद्या पाठवणाऱ्याचा फक्त ताजा मेल ठेवायचा, बाकीचे हटवायचे, किंवा १० दिवसांपेक्षा जुने आपोआप काढून टाकायचे. रोजच्या बातम्यांच्या पत्रांना हे फार शोभतं, कारण मागच्या आठवड्याचा बातमीचा अंक कोणी वाचत नाही.

जीमेलने २०१३ मध्ये आणलेले प्रमोशन्स, सोशल, अपडेट्स वगैरे टॅब याच कामासाठी आहेत, पण त्यांतली वर्गवारी यंत्र करतं. तुमच्या आवडत्या लेखकाचं पत्र आणि बुटांची जाहिरात त्याला एकाच पठडीतली वाटू शकते. टॅब ठेवा, पण मोलाच्या गोष्टी त्यांच्या भरवशावर सोडू नका.

वाचन या कप्प्यासाठी ठरलेली वेळ हवी, नाहीतर तो दुसरा इनबॉक्स होऊन बसतो. माझी वेळ शनिवारी दुपारी एक तास. त्या तासात न वाचलेलं राहिलं, तर मी पुढच्या आठवड्यात ढकलत नाही, सरळ आर्काइव्ह करतो, म्हणजे न पुसता इनबॉक्सबाहेर ठेवतो. एखाद्या न्यूजलेटरचे लागोपाठ चार अंक असे न वाचता गेले, की त्याचं नाव काढून घेतो.

वाचनाला मेलच हवा असंही नाही. पुष्कळ न्यूजलेटर्सची आरएसएस फीड, म्हणजे नवा मजकूर मेलशिवाय आपोआप पुरवणारी सोय, असते. फीड रीडर ॲपमध्ये ती जोडली, की अंक तिकडे येतो आणि तुमचा पत्ता कुणाला द्यावाच लागत नाही. एक फायदा आणखी आहे. न्यूजलेटरच्या मेलमध्ये बरेचदा एक ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र असतं. मेल उघडून ते लोड झालं, की तुम्ही कधी वाचलंत हे पाठवणाऱ्याला समजतं. मेलमध्येच वाचायचं असेल, तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा’ हा पर्याय निवडा. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून यासाठी वेगळं गोपनीयता संरक्षण आहे, ते चालू आहे ना एवढं पाहा.

नवीन नाव नोंदवताना पत्त्यात थोडी युक्ती करता येते. जीमेल आणि आउटलुक दोन्हीकडे आपल्या पत्त्यातल्या नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल तुमच्याकडेच येतो. नावापुढे ‘वाचन’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द जोडून सगळीकडे तोच पत्ता दिलात, तर एकाच फिल्टरवर आयुष्यभराची सोय होते. दुकानांना वेगवेगळे शब्द दिले, तर पत्ता कोणी पुढे दिला हेही उघडं पडतं. काही फॉर्म मात्र अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे न्यूजलेटर्सपुरता दुसरा स्वतंत्र पत्ता काढलेला बरा. ॲपलच्या सशुल्क आयक्लाउडमध्ये ‘हाइड माय ईमेल’ ही खरा पत्ता लपवून वेगळे पत्ते देणारी सोयही आहे.

चौथी पायरी: जुना साठा

आता ढीग. आवक आटल्यामुळे तो वाढत नाहीये, त्यामुळे घाई नाही.

एक तारीख ठरवा, समजा तीन महिन्यांपूर्वीची. त्या तारखेआधीचे सगळे मेल निवडा आणि आर्काइव्ह करा. डिलीट नव्हे. आर्काइव्ह केलेला मेल इनबॉक्समधून जातो, पण शोधलं की सापडतो. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं ते एक गिगाबाइट जागा घेऊन. तेव्हाच्या इतर मोफत सेवा मोजकेच मेगाबाइट देत होत्या. पुसू नका, शोधा, हा विचार तिथून रुजला आणि आजही तो खरा आहे. जीमेलमध्ये माथ्यावरची चौकट दाबली की फक्त एका पानावरचे मेल निवडले जातात. त्यानंतर वर एक बारीक ओळ येते, ‘या शोधातले सर्व निवडा’ अशी. ती दाबायला लोक विसरतात आणि मग पन्नास-पन्नासच्या पानांवर तास घालवतात.

इनबॉक्स इथेच मोकळा झाला. पण जागेची अडचण असेल, तर आणखी थोडं काम आहे. गूगलची मोफत १५ गिगाबाइट जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून वापरली जाते. ती भरली की नवे मेल यायचे थांबू शकतात. शोधपेटीच्या टोकाला असलेली खूण दाबा, सविस्तर शोधाचा फॉर्म उघडतो. त्यात आकार १० मेगाबाइटपेक्षा जास्त, असं भरा. हजारो छोटे मेल पुसून जेवढी जागा मिळत नाही, तेवढी अशा पाच-पन्नास जडजूड मेलांमधून मिळते. त्यातले फोटो, कागद हवे असतील तर आधी उतरवून घ्या.

मग यादीतल्या ‘बंद’ नावांकडे या. एकेका पाठवणाऱ्याचं नाव शोधा, सगळे निवडा, पुसा. पुसलेले मेल जीमेलच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात, म्हणून चूक झाली तर महिनाभर दुरुस्तीला वाव आहे. दुकानांच्या बाबतीत जरा थांबा: जाहिराती आणि पावत्या एकाच पत्त्यावरून येत असतील, तर आधी पावत्या वेगळ्या काढा. करार, वॉरंटी, कराचे कागद, शिक्षणाची प्रमाणपत्रं, खातं उघडल्याचे पहिले मेल, यांना हात लावू नका.

लेबलं थोडीच

सुरुवातीला मी २६ लेबलं केली होती. मेल कुठे टाकावा याचाच विचार करण्यात वेळ जायचा. आता चार आहेत: ‘उत्तर द्यायचं’, ‘वाट पाहतोय’, ‘कागदपत्रं’ आणि ‘वाचन’. बाकी सगळं आर्काइव्हमध्ये, आणि शोध ते हुडकून देतो. ‘वाट पाहतोय’ हे लेबल मला सर्वांत उपयोगी पडलं. आपण प्रश्न विचारला आहे आणि चेंडू समोरच्याकडे आहे, असे मेल त्यात जातात. दर सोमवारी ते उघडून कोणाला आठवण करायची ते पाहतो. कागदपत्रांसाठी बँक, विमा, तिकिटं यांच्या पत्त्यांवर फिल्टर आहे, पण तो इनबॉक्स वगळत नाही. ते मेल आधी डोळ्यांखालून जायलाच हवेत.

रोजची हाताळणी

दिवसातून दोन-तीन ठरलेल्या वेळी मेल उघडा. प्रत्येक मेलवर एकदाच निर्णय घ्या: दोन मिनिटांत उत्तर होणार असेल तर लगेच द्या, जास्त वेळ लागणार असेल तर ‘उत्तर द्यायचं’ हे लेबल लावा, नाहीतर आर्काइव्ह. ठरावीक दिवशीच लागणारा मेल, जसं प्रवासाचं तिकीट, त्या दिवसापर्यंत स्नूझ करा. तो त्या सकाळी स्वतःहून वर येतो. पन्नास जणांच्या चर्चेत उगाच गोवले गेला असाल, तर ती साखळी म्यूट करा.

फोनवरच्या सूचना बंद करा. जीमेलच्या ॲपमध्ये ‘फक्त महत्त्वाचे’ असा मधला पर्याय आहे, आयफोनच्या मेलमध्ये ठरावीक लोकांना व्हीआयपी करता येतं. माझ्या फोनवर आज सहा जणांच्या मेलचाच आवाज होतो.

महिन्यातून एकदा

महिन्याच्या पहिल्या तारखेला वीस मिनिटं काढतो. ‘अनसबस्क्राइब’चा तोच शोध पुन्हा लावतो, नवी दोन-चार नावं घुसलेली असतातच, कारण प्रत्येक खरेदी आणि प्रत्येक नोंदणी आपला पत्ता घेऊन जाते. फिल्टरांची यादी उघडतो, कारण न्यूजलेटरने पाठवण्याचा पत्ता बदलला की फिल्टर मुका होतो आणि अंक पुन्हा इनबॉक्समध्ये पडू लागतात. एखादा जुना, न वापरातला पत्ता दुसऱ्या खात्याचा विसरलेला पासवर्ड परत मिळवण्यासाठी जोडलेला असेल, तर तिथेही एकदा लॉगिन करतो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं कंपनी मिटवू शकते.

स्पॅमचा कप्पा मात्र महिन्यावर ठेवत नाही. जीमेलमध्ये त्यातले मेलही ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, आणि चुकून तिथे गेलेल्या पत्राला सात दिवसांचीच मुदत असू शकते. म्हणून दर शनिवारी, वाचनाला बसण्याआधी, मी आधी स्पॅमवर नजर टाकतो. दोन मिनिटं लागतात.